दाराला कडी, तोंडाला कुलूप

मुंबईहून नाशिकला निघालं की माजिवड्यापासून रस्ता रुंदीकरणाची धूळ सोबतीला येते ती थेट वडप्यापर्यंत. भिवंडी तालुक्यातलं हे गाव एकेकाळी आग्रा रोडवरचं भातशेतीचं गाव होतं. आता महामार्गाच्या कडेनं गोदामं आहेत आणि गोदामांच्या दारात कंटेनर. समृद्धी महामार्गही जवळच आमण्याला येऊन टेकलाय. माणसं दूरदूरच्या गावांहून इथं कामाला येतात आणि त्यांचे संसार निम्मे इथं, निम्मे तिकडे चालतात.

समजा, अशाच एका गोदामात सुपरवायझर असलेला एक तरुण आहे. बायको तीन महिन्यांपासून माहेरी, निफाडकडे. तिथूनच तिनं घटस्फोटाचा अर्ज केलाय. नोटीस हातात पडली त्या रात्री यानं व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. त्यात बायकोचं नाव, सासऱ्याचं नाव, तिच्या अर्जातल्या दोन ओळींचा फोटो आणि खाली चार शेलके शब्द. सकाळी वकिलाकडे गेला तर वकिलानं फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "आधी ते स्टेटस काढ बाबा, मग बोलू."

"माझ्याच संसाराबद्दल मी बोलायचं नाही?" असं त्या तरुणानं विचारलं तर प्रश्न चुकीचा नाही. राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, त्यालाही लागू आहे आणि निफाडच्या त्या मुलीलाही. तरीही घटस्फोटाच्या खटल्यात न्यायालयं या अधिकाराला बऱ्याच ठिकाणी आवर घालतात. कुठे आणि किती, हे समजून घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, दाराला कडी घालणं, म्हणजे सुनावणी बंद खोलीत घेणं. दुसरी, तोंडाला कुलूप लावणं, म्हणजे माणसाला बाहेरही बोलायला मनाई करणं. आपल्याकडे या दोहोंची सर्रास गल्लत होते, वकिलांकडूनसुद्धा.

पूर्वी वडप्यासारख्या गावात हा प्रश्नच उद्भवत नसे. काडीमोड काय, फारकत काय, ती गावकीपुढे व्हायची. पंच बसायचे, दोन्हीकडची माणसं जमायची आणि कोणी कोणाला काय बोललं हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. त्या उघडेपणात न्याय होताच असं नाही. बाईचं बोलणं पंचांच्या कानापर्यंत बहुधा तिच्या बापाच्या किंवा भावाच्या तोंडूनच पोचायचं. पण गुप्तता नावाची गोष्ट तिथं नव्हती. हिंदू विवाह कायद्यानं रूढीनुसार होणारे घटस्फोट कलम २९ मध्ये अजूनही जिवंत ठेवलेत. बाकी सगळ्यांसाठी मात्र न्यायालय आलं आणि न्यायालयासोबत बंद दार आलं.

हे दार बंद होतं ते कलम २२ नं. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ चा. मूळ कलमात अशी तरतूद होती की पक्षकारांपैकी एकानं मागणी केली किंवा न्यायालयाला योग्य वाटलं, तर सुनावणी बंद खोलीत होईल. १९७६ च्या दुरुस्तीनं हा 'तर' काढून टाकला. आता या कायद्याखालचं प्रत्येक कामकाज बंद खोलीतच चालतं आणि त्यासंबंधीचा कोणताही मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. अपवाद फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राचा, तोही न्यायालयाची पूर्वपरवानगी असेल तर. मोडणाऱ्याला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५५ सालीही हजारच होता. तेव्हा तो जड वाटला असेल. आज वडप्याहून निफाडला तारखेला जाऊन येणाऱ्याचा तेवढा खर्च दोन खेपांतच होतो.

म्हणजे स्टेटसवाल्या तरुणानं हजार रुपये मोजून मोकळं व्हावं का? तसं नाही. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा आहे. त्याचं कलम ७ म्हणतं की बंद खोलीतल्या कामकाजाचं खरं आणि अचूक वृत्त देणं हा एरवी अवमान नव्हे, पण दुसऱ्या एखाद्या कायद्यानंच तशी प्रसिद्धी मना केली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. आणि अवमानाची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सहा महिने आणि दोन हजार, हे दोन आकडे वाचकानं लक्षात ठेवावेत. थोड्या वेळानं ते पुन्हा भेटतील.

इथं भिवंडीपुरती एक गंमत सांगायला हवी. कलम २२ हिंदू विवाह कायद्यातलं. त्याच भिवंडीतली मुस्लीम बाई १९३९ च्या कायद्याखाली घटस्फोट मागते, तेव्हा त्या कायद्यात असं कलम नाही. नोंदणी विवाह केलेल्यांना विशेष विवाह कायद्याचं कलम ३३ लागतं आणि तिथंही १९७६ च्या दुरुस्तीनं तो 'तर' काढून टाकला. दावा कुटुंब न्यायालयात असेल तर १९८४ च्या कायद्याचं कलम ११ सगळ्या धर्मांना सारखं आहे: एका पक्षकारानं मागितलं की दार बंद करावंच लागतं. साध्या दिवाणी न्यायालयात एरवी नियम उघड्या न्यायालयाचा, पण कौटुंबिक दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तिथंही एका पक्षकारानं मागितलं की दार बंद करावं लागतं. मागितल्याशिवाय मात्र ते आपोआप बंद होत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांची अब्रू दोन वेगवेगळ्या कलमांनी झाकलेली, हे मला पटत नाही. गुप्तता हवी असेल तर ती सगळ्यांना सारखी हवी.

बंद दाराची ही कल्पना आली इंग्लंडहून आणि तिची पहिली मोठी परीक्षाही तिथंच झाली. १९११ मध्ये एका बाईनं विवाह रद्द करून मागितला. कारण नवऱ्याचं नपुंसकत्व. तिच्याच विनंतीवरून सुनावणी बंद खोलीत झाली आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. पुढं आपल्याबद्दल भलतंसलतं बोललं जातंय असं वाटल्यावर तिनं कामकाजाच्या लघुलिपीतल्या टिपणांची नक्कल करवून घेतली आणि नवऱ्याच्या वडिलांना, बहिणीला आणि आणखी एकाला धाडली. नवरा न्यायालयात गेला: हा अवमान आहे. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्याचीच सरशी झाली. १९१३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं मात्र ते उलटवलं. केवळ लाजेखातर न्याय बंद खोलीत करता येत नाही, न्यायाचं कामच अडणार असेल तरच दार बंद करावं, आणि सुनावणी संपल्यावरही पक्षकाराचं तोंड कायमचं बंद करणं तर न्यायाधीशाच्या हातातच नाही, असा त्या निकालाचा अर्थ. 'स्कॉट विरुद्ध स्कॉट' जगभर उघड्या न्यायालयाची सनद म्हणून वाचला जातो. पण तो उभा राहिला एका बाईनं आपल्या सासऱ्याला धाडलेल्या कागदांवर, हे फार थोडे लोक लक्षात ठेवतात. पुढं वृत्तपत्रांनी श्रीमंतांच्या घटस्फोटांतले शय्यागृहातले तपशील रकानेच्या रकाने छापले, तेव्हा १९२६ मध्ये तिथल्या संसदेनं पत्रकारांपुरती मर्यादा घातली: नावं, पत्ते, आरोपांचा सारांश, कायद्याचे मुद्दे आणि निकाल एवढंच छापायचं.

आता आपल्याकडे या. हजार रुपयांचं ते कलम नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करायची गरज नाही. झालेलं सगळं कागदावर आहे.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. वयात आल्यावर त्या नवऱ्याच्या घरी गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात पुस्तकं होती आणि रखमाबाईंना शिकायचं होतं. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. दावा चालू असतानाच, २६ जून १८८५ रोजी, 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर एक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं, फक्त 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची इंग्रजी सही. दुसरं पत्र १९ सप्टेंबरला, सक्तीच्या वैधव्याबद्दल. दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला: जी बाई कधी नांदलीच नाही तिला नांदायला परत पाठवा असं मी सांगू शकत नाही.

ती हिंदू स्त्री म्हणजे रखमाबाईच, हे पुढं उघड झालं. त्यानंतर जे रण माजलं त्याला आजच्या कुठल्याही ट्रोलिंगची सर येणार नाही. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'नं त्यांच्याविरुद्ध लिहिलं, समाजसुधारक मलबारींनी बाजूनं. दादाजींनी अपील केलं. १८८६ मध्ये पिन्हेंचा निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यापुढचा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा. दादाजींनी खटल्यातली आपली बाजू मांडणारी इंग्रजी पुस्तिका छापून काढली. बायकोबद्दल, तिच्या माहेरच्यांबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते तिच्यात होतं. जून १८८७ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'नं रखमाबाईंचं उत्तर छापलं. त्यांनी दादाजींचे मुद्दे एकेक करून खोडले. कोणीही कोणाला मनाई केली नाही. त्या काळी 'दोन्ही बाजूंनी वृत्तपत्रांत काही लिहू नये' असं न्यायालयानं बजावलं असतं तर? कागदावर तो हुकूम निःपक्षपाती दिसला असता. फायदा मात्र एकट्या दादाजींचा झाला असता, कारण त्यांच्यामागे न्यायालयाचा हुकूमनामा आणि रूढी दोन्ही होती. रखमाबाईंच्या हाती लेखणीशिवाय काही नव्हतं. त्या लेखणीमुळेच इंग्लंडपर्यंत ओरड झाली, मदतनिधी उभा राहिला आणि जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. सहा महिने आणि दोन हजार: अवमानाच्या कायद्यात आज तेच दोन आकडे बसलेत, हा निव्वळ योगायोग. मला तो दर वेळी टोचतो.

रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. हिंदू विवाह कायदा तेव्हा सव्वाचार महिन्यांचा होता. त्या कायद्यानं हिंदू बाईला घटस्फोट दिला आणि त्याच कायद्याच्या कलम २२ नं रखमाबाईंनी केलं ते करण्याची वाट बंद केली. कलम ९ मधला नांदायला पाठवण्याचा दावा मात्र ठेवलाच.

बंद दाराच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर हे प्रकरण एकांगी होईल. १९७५ चा एक निकाल कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. पुण्यातलं सुशिक्षित जोडपं, १९५६ चं लग्न, तीन मुली. पत्नीचं वागणं क्रूरतेत मोडतं की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी ठरवलं की क्रूरता होती, पण त्यानंतर नवऱ्यानं संसार चालू ठेवला म्हणजे ती माफ केली. निकाल मोलाचा आहे. पण त्यात त्या दोघांची खाजगी पत्रं, भांडणातले शब्द, आजारपणाच्या नोंदी, सगळं आडनावासकट आहे आणि पन्नास वर्षं ते वर्गावर्गांत वाचलं जातंय. त्या मुलींनी हे आडनाव कसं वागवलं असेल? इथं ते मी लिहीत नाही. एवढी कडी तर माझ्या हातात आहे.

चंद्रचूड घराण्याचा या विषयाशी पुन्हा संबंध आला. वडप्याचा नवरा आणि निफाडची बायको यांच्यासारख्यांचा पहिला वाद असतो तो न्यायालय कुठलं याचा. २००३ पासून बायको जिथं राहते तिथंही तिला अर्ज करता येतो. मग दुसरा पक्ष म्हणतो, मला हजेरीसाठी व्हिडिओवर येऊ द्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतांनी ठरवलं की समेटाचे प्रयत्न चालू असताना व्हिडिओ नको, कारण त्यानं गुप्ततेलाच धक्का लागतो. समेट फसल्यावर दोघांनी मिळून मागितलं तर न्यायालय विचार करील. विरुद्ध मत होतं यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. तंत्रज्ञानानं न्याय जवळ येत असेल तर त्याला दारातच अडवू नये, असा त्यांचा सूर. अडीच वर्षांत कोविड आला आणि दाराबाहेरची गोष्ट आपोआप आत शिरली.

तोंडाच्या कुलपाची कहाणी मात्र घटस्फोटात सुरू होत नाही. ती 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात सुरू होते. मुंबई उच्च न्यायालयात एका साक्षीदारानं विनवलं की माझी साक्ष छापून आली की धंद्यावर परिणाम होतो. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला: ही साक्ष छापायची नाही. हेच तारकुंडे पुढं नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू झाले. 'ब्लिट्झ'चे बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांसमोर निकाल लागला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमतानं सांगितलं की न्यायाच्या हितासाठी न्यायालयाला असा अधिकार आहे आणि न्यायिक आदेशानं कलम १९ चा भंग होत नाही. त्यात स्कॉटचा ऊहापोह आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी विरोधी मत नोंदवलं. मला त्यांचं मत अधिक पटतं, पण कायदा बहुमताचा असतो. २०१२ मध्ये घटनापीठानं 'पुढं ढकलण्याचा आदेश' अशी सोय काढली: प्रसिद्धीला मनाई करायची तर ती थोड्या काळासाठी आणि दुसरा उपाय नसेल तरच.

कुटुंब न्यायालयात हे कसं उतरतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं क्रिकेटपटू शिखर धवन यांच्या अर्जावर त्यांच्या पत्नीला मनाई केली: बदनामीकारक मजकूर मित्र, नातेवाईक, क्रिकेटशी संबंधित लोकांना पाठवू नये. पण तक्रार असेल तर ती योग्य अधिकाऱ्याकडे नेण्याची मोकळीक ठेवली. सगळं मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये याहून पुढं जाऊन म्हटलं की घटस्फोटातल्या आईबापांनी एकमेकांबद्दल समाजमाध्यमांवर वाईट बोलू नये असा हुकूम काढणं घटनाबाह्य आहे. मुलाला नेमकी आणि गंभीर इजा होणार हे आधी दाखवा. दोघांनी आपखुशीनं तसा करार करावा, बदनामी झाली तर दावा लावावा, आणि अशी बडबड मुलाचा ताबा ठरवताना न्यायाधीशानं ध्यानात घ्यावी.

आपल्याकडे बडबडीची किंमत दुसऱ्या मार्गानंही मोजावी लागते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात नवऱ्यानं आपल्या लेखी जबाबात बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि नंतर दुरुस्ती करून ते मागे घेतले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मागे घेतल्यानं घाव पुसला जात नाही. ते आरोप हीच क्रूरता. म्हणजे न्यायालयाच्या कागदात लिहिलेलं वाक्यही घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. स्टेटस तर त्याहून उघडं. शिवाय १४ जुलै २०२५ ला त्याच न्यायालयानं चोरून केलेलं फोनचं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. बाहेर बोलू नका, पण घरात बोललेलं मात्र आत ऐकू, असा हा अजब मेळ.

त्यानंतर आठच दिवसांनी, २२ जुलैला, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं गप्प बसवण्याऐवजी बोलायला लावलं. पत्नीनं केलेल्या फौजदारी तक्रारींमुळे नवरा १०९ दिवस आणि सासरा १०३ दिवस तुरुंगात राहिले होते. पीठानं लग्न मोडून सगळे खटले मिटवले आणि पत्नीला सांगितलं की बिनशर्त माफी वृत्तपत्रांत व समाजमाध्यमांवर प्रसिद्ध कर. ती माफी तिच्याविरुद्ध कुठंही वापरता येणार नाही, हेही बजावलं. माझं मत विचाराल तर हे तोंडाच्या कुलपापेक्षा अवघड आहे. गप्प बसलेला माणूस निदान मनातलं मनात ठेवतो. दुसऱ्यानं ठरवलेले शब्द आपल्या नावानं छापावे लागले की तेही उरत नाही.

परत वडप्याला येऊ. बहुतेक घटस्फोट अशा मोठ्या निकालांपर्यंत जात नाहीत. ते संमतीनं सुटतात, कलम १३ ब खाली, आणि वकील दोघांच्या सह्या घेतात त्या 'कन्सेंट टर्म्स'वर. पोटगी, दागिने, मुलाला भेटण्याचे रविवार यांच्यानंतर, बहुधा शेवटच्या पानावर, एक कलम असतं: दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध कुठेही, कधीही, काहीही बोलणार वा लिहिणार नाहीत. न्यायालयात दिलेलं हे वचन मोडलं तर अवमान. तोपर्यंत सगळे थकलेले असतात आणि ते कलम कोणी वाचत नाही.

तुम्ही वाचा. मुलाचं नाव, शाळा, आजारपण, झोपायच्या खोलीतल्या गोष्टी याबद्दल गप्प राहण्याची अट असेल तर खुशाल सही करा. पण 'कुठेही, कधीही, काहीही' असं असेल तर वकिलाला तिथंच थांबवा आणि खाली एक ओळ लिहून घ्या: पोलीस, न्यायालय, डॉक्टर, समुपदेशक किंवा सक्षम अधिकारी यांच्याकडे तक्रार वा माहिती देण्यास ही अट लागू नाही. ती ओळ आल्याशिवाय सही करू नका.